कोंबड्याच्या तुऱ्यावरचा कोंडा

“आली ती इंग्लिशवाली. गप रव.”

कुंपणापलीकडून हे शब्द आले तेव्हा मला वाटलं, काकी घरात कुणाला तरी सांगते आहे. पण तिच्या घरात कुणीच नव्हतं. नवरा कधीचा वारला होता, एकुलता मुलगा नुकताच जहाजावर नोकरीला लागला होता. मी हळूच वळून पाहिलं. मागीलदारी ती पाय पसरून बसली होती, मांडीवर तांबडा कोंबडा, त्याच्यावर पदर ओढलेला. ती त्यालाच बजावत होती, माझ्याबद्दल.

कुणावरही विश्वास नसलेली अशी एखादी शेजारीण तुम्हीही पाहिली असेल. पेडण्याच्या आमच्या वाड्यावर ती काकी होती. पाववाल्या पोदेराने दिलेला प्रत्येक पाव ती दाबून बघायची. पोस्टमन हसला, तर तो का हसला याचा दिवसभर विचार करायची. माझं बोलणं मुळातच कमी. शाळा इंग्रजी, घरात मराठी, वाड्यावर कोकणी. कुठल्या भाषेत उत्तर द्यावं हे ठरेपर्यंत समोरचा निघून जायचा. काकीला त्यातही काही तरी शिजतंय असं वाटे. “बोलत नाय म्हणजे बघता,” ती म्हणायची. ते मात्र खरं होतं.

त्या वर्षी तिच्या कोंबड्यांची कातडी सुकू लागली. पिसं बाजूला केली की खाली पापुद्रे, पायांवरची खवलं उचललेली, तुऱ्यावर पांढरा कोंडा. काकीने आधी मिरच्या ओवाळल्या. मग संशय घरोघर फिरला आणि आमच्या घरापाशी जरा जास्त वेळ थांबला. अखेर ती गुरांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी सगळं समजावून सांगितलं: खुराड्यातली बसायची दांडी खरवडून तिला करंजाचं तेल लावा, जुना पेंढा जाळून टाका, पाय कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशाने हलके घासा, वर खोबरेल चोळा, लोळायला राख आणि वाळू ठेवा.

“फुकट इतक्या सांगता म्हणजे त्येचा कायतरी आसतला,” ती आल्या आल्या आईला म्हणाली. आणि उपाय तिने आधी एका म्हाताऱ्या कोंबडीवर करून पाहिला. ती सुधारली तेव्हा बाकीच्यांचा नंबर लागला. ब्रश मुलाचा होता, निघताना न्हाणीघरात विसरलेला.

कोंबड्या चकचकीत झाल्या. तांबड्याचा कोंडा मात्र जाईना.

आता या कोंबड्याची गोष्ट सांगायला हवी. काकीच्या भावोजींनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नवस बोलला होता: पुतण्याला जहाज मिळू दे, घरचा कोंबडा देऊ. जहाज मिळालं. घरचा कोंबडा एकच होता. मुंगसाने त्याची आई नेली तेव्हा काकीने त्याला चुलीजवळ टोपलीत वाढवला होता. मुलगा गेल्यापासून ती जेवायला बसली की तो उंबऱ्यावर येऊन उभा राही. पण देवाला अंगावर खोट असलेला कोंबडा चालत नाही. भावोजी आले की काकी त्याचा तुरा दाखवी आणि कुणी तरी करणी केल्याचं सांगून सगळ्या वाड्याला शिव्या घाली.

मला चमत्कारिक वाटलं ते बाकीच्या कोंबड्यांचं वागणं. त्या तांबड्याच्या मागे मागे फिरत आणि त्याच्या पायांवर चोच मारत. तुऱ्याकडे उड्या घेत. आजारी कोंबड्याच्या अंगावर एवढं खाण्यासारखं काय असावं?

एकदा सकाळी मांद्र्याच्या बसला निघताना मी कुंपणापाशी थांबले. काकीने तांबड्याच्या पायांना तेल चोळलं, तुऱ्याला बोट फिरवलं. मग वाटीतली तांदळाची पिठी चिमटीत घेऊन, नव्या नवरीला पावडर लावावी तशी, जपून जपून दोन्हीकडे भुरभुरली. तो डोळे मिटून बसला होता. सवयीचं दिसत होतं.

काकीने वर पाहिलं. मी तशीच उभी. तिने वाटी पदराखाली सरकवली. “नवस मी बोललंय? माका कोणी इचारला?” एवढंच म्हणाली. आणि मग, या वेळी मला, “गप रव.”

त्यानंतर ती माझ्याकडे आणखीच संशयाने बघू लागली. मी आईलाही काही सांगितलं नाही, पण ते काकीला कसं कळणार?

आज काकी नाही. तिचं दार बंद असतं, मागे खुराड्याची दांडी अजून आहे, तेलाने काळी पडलेली. ती दिसली की मला तो रविवार आठवतो. भावोजींनी निरोप धाडला होता: कोंबडा बरा असला तर हाच, नाही तर म्हापशाच्या बाजारातून दुसरा आणू; पण या खेपेला मी हाताने बघणार.

ते आले. काकीने तांबड्याला छातीशी धरलं होतं. पिठीच्या वासाने मुंग्या तिच्या पदरावरून त्याच्या पायांकडे निघाल्या होत्या. भावोजींनी हात पुढे केला आणि मध्येच थांबून कुंपणाकडे, माझ्याकडे पाहिलं.

“गे चेडवा, तू शिकलेला. ह्यो खरोच रोग?”

काकीची नजर माझ्यावर आली, रोजच्यासारखीच, जराही विश्वास नसलेली. तिचे ओठ हलले. शब्द मला ऐकू आले नाहीत, पण कुठले ते मला ठाऊक होते.

मी म्हटलं, “काका, हात लावू नका. माणसालाही होतं ते.”