मागची शिवण

माझे बाबा शिंपी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याची कंबर ते नजरेनंच मापायचे. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. असा माणूस स्वतःच्या खुब्यापुढे मात्र पार गोंधळून गेला.

त्यांचा सांधा बदलला तो मागून, कुल्ल्याच्या बाजूनं चीर देऊन. आत्याचा गेल्या वर्षी दुसऱ्या दवाखान्यात बदलला होता, तो पुढून, मांडीच्या बाजूनं. दोघं सख्खी भावंडं, दुखणंही एकच, मग चीर वेगळी का, हे बाबांच्या डोक्यात शिरेना. माझ्याही नाही. डॉक्टर म्हणाले, मागून केलं की सांध्याचा गोळा वाटीतून निखळायची भीती थोडी जास्त. पुढून केलं की पेशंट लवकर चालायला लागतो, पण मांडी बधिर पडू शकते, क्वचित हाडाला तडा जातो. मग चांगलं कुठलं? तर म्हणे, ज्या डॉक्टरचा हात ज्यात बसलाय ते. मी आणखीच चक्रावले.

बाबांना ताकीद होती: पुढे वाकायचं नाही, बुटक्या स्टुलावर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. आत्या भेटायला आली आणि खुशाल वाकून चपलेचा पट्टा लावत म्हणाली, तिला असलं काही सांगितलंच नव्हतं. फक्त पाय मागे ताणू नका म्हणाले होते. झालं. बाबांनी दोन्हींची सरमिसळ केली आणि वर आपलं शिंपीपण घातलं. टाके मागे, म्हणजे कच्ची बाजू मागची. तिच्यावर भार पडला तर उसवणार. म्हणून ते खुर्चीत मागे टेकेनातच, सारखे पुढे झुकून बसायचे. मी करवादले की म्हणायचे, शिवणीचं मला शिकवू नकोस.

एका सकाळी त्यांच्या हातून कात्री मशीनखाली पडली. ते वाकले. मी स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा ते जमिनीवर होते आणि पाय आत वळून आखूड झाला होता.

दवाखान्यात भूल देऊन निखळलेला सांधा पुन्हा बसवला. डॉक्टरांनी समजावलं, वाकलं की ताण मागे येतो, आणि मागचंच तर आम्ही उघडून शिवलं होतं. माणूस वाकला की पँट मागेच फाटते, हे बाबांनी जन्मभर गिऱ्हाइकांना हसत हसत सांगितलं होतं. मला त्यांची फार दया आली. आत्या कोपऱ्यात रडत होती, आपणच भावाला पाडलं म्हणून. चूक कुणाची, ते मला अजून ठरवता येत नाही.

घरी आणून त्यांना उंच खुर्चीत बसवलं. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, पण हलले नाहीत.

"उठायचंय," ते म्हणाले. "कसं उठू ते तू सांग. मला आता माझं काहीच खरं वाटत नाही."

मी त्यांचा दंड धरला. दवाखान्यात दोनदा करून दाखवलं होतं, तरी आधी कुठला पाय पुढे घ्यायचा, ते मलाही आठवेना.