अगदी सुरुवातीचा

दोन महिने दादाची पाठ दुखत होती. शाळेत खो-खो शिकवणारा माणूस. कुठेतरी लचक भरली असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी त्याला, वहिनीला आणि मला समोर बसवलं.

"जठराचा कॅन्सर आहे. जठरात तो अगदी सुरुवातीचा, आतल्या अस्तरापुरताच आहे," ते म्हणाले. "पण हाडांत पसरलाय. असं क्वचित होतं."

वहिनीने 'सुरुवातीचा' तेवढा एक शब्द धरला. तिचा चेहरा सैल झाला. "म्हणजे लवकर सापडला ना?"

"औषधं सुरू करू. दुखणं कमी होईल," डॉक्टर म्हणाले. ते 'बरा होईल' म्हणाले नाहीत, हे मला जाणवलं. दादालाही.

सुरुवात म्हणजे पुढे पुष्कळ वेळ आहे, असंच आपण आयुष्यभर समजत आलेलो असतो. शरीराला आपले शब्द कुठे ठाऊक असतात? पोटात जे नुकतं उगवत होतं, ते मणक्यांत केव्हाच जाऊन बसलं होतं.

वहिनी औषधं आणायला गेली तेव्हा मी म्हटलं, "दादा, तिला नीट कळलेलं नाही. सांगायला हवं."

"उद्या सकाळी मीच सांगतो," तो म्हणाला. "काल दुपारपासून ती जेवलेली नाही. आज जेवू दे."

त्या संध्याकाळी वहिनी पोटभर जेवली. दुसरी भाकरी दादाने स्वतः, ओठ घट्ट मिटून, खाली वाकून तिच्या ताटात वाढली.