हिंमतनानांची चौकट

हिंमतनाना कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची गदगदा हलवून बघत. खाट, फाटक, लग्नमांडवाचा खांब, काहीच सुटायचं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझं नवं कोरं टेबल हलवून म्हणाले, "हाई हालस ना भो!" तेव्हापासूनच हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

नाना धुळ्याला पोलिसात हवालदार होते. निवृत्त झाल्यावर चोपड्याला आमच्या शेजारी राहायला आले. पोलिसांच्या नेमबाजीत बक्षिसं मिळवलेली, आणि ती गोष्ट टँकरवाल्यालासुद्धा सांगून झालेली. माझी मेघा तेव्हा शाळेतून छऱ्याच्या बंदुकीची नेमबाजी शिकायला लागली होती. बंदूक मी घेऊन दिली, रविवारी जळगावला सरावाला मी न्यायचो. तेव्हा घरच्या सरावासाठी निशाणाचा कागद लावायची चौकटही मीच करणार, हे उघड होतं.

आम्हा केळीवाल्यांना काहीही उभं करायचं म्हटलं की आधी खड्डा. बागेमागे मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढे मी सागाचे दोन खांब गाडले आणि त्यांच्यावर सलग प्लायवूड ठोकलं. मग बागेला पाण्याची पाळी आली, माती ओली झाली आणि वाऱ्यानं खांब एका अंगाला कलले. मेघा मान वाकडी करून नेम धरू लागली.

नाना कुंपणापलीकडून बघत होते. "गाडू नको रे, तिले पाय दे. ऊन फिरस, मंग काय गाडेल खांब फिरावशी?"

मेघा खळखळून हसली. ते हसणं मला झोंबलं.

पुढच्या सुट्टीत नाना आणि मेघा दोघांनी मिळून बाभळीची चौकट केली. जमिनीवर नुसते ठेवलेले दोन जाड आडवे पाय, त्यांवर दोन उभ्या पट्ट्या, मागून तिरपे टेके. मधोमध कागदापुरता पुठ्ठा, बाकी सगळं वाऱ्याला मोकळं. पायांवर वाळू भरलेल्या खताच्या गोण्या. "बठ्ठा जोर पायवर येवाले जोयजे, बेटा," सगळा भार पायांवर घ्यायचं नाना सांगत होते आणि खिळे मेघाच्या ओंजळीत होते. मी चहा घेऊन गेलो, तर मेघा म्हणाली, "पप्पा, जरा बाजूला व्हा ना, सावली पडतेय." मी बाजूला झालो. माझ्याच वावरात!

पुढे मेघाची राज्य पातळीवर निवड झाली. मी दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो आणि बातमी कळली ती नानांच्या ओट्यावरून. "अरे भो, आपली पोर निवडाई गई!" आपली! मी पेढे आणले, नानांना दोन जास्तच दिले आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण खेकसलो.

ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचा हेवा करता? लाज नाही वाटत?"

नव्हती वाटत. बाप मी होतो. पहिला फोन माझ्या हक्काचा होता.

गेल्या हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. मेघा पुण्याहून प्रशिक्षण सोडून आली. तिचे सख्खे आजोबा गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. कुंपणापलीकडे कुणी नाही हे मलाही सहन होईना, पण तिला जवळ घेताना मनात आलंच, की माझ्यासाठी ही एवढी रडेल का?

उन्हाळ्यात बघितलं तर चौकटीचे पाय वाळवीनं खाल्लेले. मेघा सुट्टीला येणार होती. वखारीतून लाकूड आणून मी एकट्यानं नवी चौकट केली. जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. बोटाला खिळा लागला, ते कुणाला सांगितलं नाही.

मेघानं आल्या आल्या बंदूक काढली. बराच वेळ नेम धरत राहिली, मग धावतच माझ्याकडे आली. चेहरा नुसता फुललेला.

"पप्पा, थेट नानांच्या हातची वाटते!"

याहून मोठं कौतुक तिच्यापाशी नव्हतं, हे मला कळत होतं. तरी जळफळाट व्हायचा तो झालाच. मी हसलो, छान छान म्हणालो, आणि ती आत गेल्यावर रिकाम्या कुंपणाकडे बघून मनातल्या मनात म्हणालो, नाना, आता तरी माझी पोरगी मला द्या.