इंगवले काकांची बंदूक आणि पाच चिंचोके

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही हो! ते आपोआप साठतात. घर बदलताना माळा उपसला की पिशवीच्या पोटातून पिशव्या निघतात ना, तसंच. मागच्या महिन्यात आम्ही मुलाकडे चेन्नईच्या सिरुसेरीला राहायला आलो. चौदावा मजला. गेटवर तीन गार्ड, येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, लिफ्टला कार्ड, दाराला कॅमेरा. मुलगा म्हणाला, "आई, इथे चोराला यायचं असेल तर आधी ॲप डाउनलोड करावं लागेल!"

मी हसले आणि सामान लावायला घेतलं. तर मोहरीच्या जुन्या डब्यात पाच चिंचोके निघाले. प्रत्येकाची एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेली. सूनबाई ते टाकायला निघाली आणि मी ओरडलेच, "अगं, ते आमचं कोर्ट आहे!"

ती बिचारी बघतच राहिली. आता हे सांगायचं म्हणजे आवडीपासून सुरुवात करायला हवी.

आवडी म्हणजे चेन्नईचं दुसरं टोक. तिथे सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही सव्वीस वर्षं काढली. आमचे 'हे' संरक्षण खात्याच्या कारखान्यात. शेजारी इंगवले काका, त्याच कारखान्यात स्टोअरला, मूळचे गडहिंग्लजचे. त्यांच्या पत्नी मालतीकाकू. आणि मागच्या गल्लीत सुंदरराव, तंजावरी मराठी, कोर्टातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, एकटेच राहणारे. दर रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जण काकांच्या व्हरांड्यात जमायचो. मुलांना आमचा कंटाळा यायचा, आम्हाला एकमेकांचा कधीच आला नाही.

काकूंची एक सवय होती. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. इतकं मनापासून ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायची.

* * *

काकांच्या घरी एकदाच चोरी झाली, तीसुद्धा भर दुपारी. होळीचा दिवस. दोघं अड्यारला कुणाकडे भेटायला गेले होते. परत येतात तर मागचं दार उघडं. चोराने चांदीचा तांब्या नेला, काकांच्या दोन इस्त्रीच्या पँटी नेल्या. आणि जाण्याआधी ओट्यावर झाकून ठेवलेल्या चार पुरणपोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या! वर ताट घासून पालथं घातलं!

काका घामाघूम. "आपल्या घरात बसून जेवला, मालती! आपल्या पाटावर!"

काकू ताटाकडे बघत म्हणाल्या, "जेवून ताट घासणारा पुरुष बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आला या घरात. आणि नेमकी मी नव्हते."

आम्ही हसून हसून बेजार. पण काका हसले नाहीत. त्या दिवशी त्यांच्या मनात जी भीती बसली, ती बसलीच.

पुढच्या मे महिन्यात ते गावाहून येताना वडिलांची बंदूक घेऊन आले. बारा बोअरची डबल बॅरल, शेतात रानडुकरं यायची म्हणून ठेवलेली. लायसन्स रीतसर, सगळे कागद चोख. आधी ती गाद्यांच्या कपाटात होती. मग पलंगाशेजारी आली. मग काका ती भरून ठेवायला लागले.

काकूंचं एकच मागणं होतं, ही बंदूक घरातून जाऊ दे. काकांचं एकच उत्तर, "तुझ्यासाठीच ठेवलीय ना!"

एकदा त्या मला म्हणाल्या, "मला चोराची भीती नाही गं. ह्यांना चोर दिसेल, याची भीती आहे."

* * *

बंदुकीच्या जोडीला काकांचे इतर उपायही चालू असायचे. खिडकीला घुंगरू बांधून झाले, दाराला रिकामे डबे टेकवून झाले. एकदा त्यांनी काकूंचं कोलम, म्हणजे दारातली तिकडची रांगोळी, काढायचं तांदळाचं पीठ घेतलं आणि झोपण्यापूर्वी सगळ्या पॅसेजमध्ये चाळणीने पसरलं. पाऊल उमटलं की चोर सापडला!

सकाळी सहाला काका आमच्या दारात. "उमटलंय! या, या लवकर!"

आम्ही धावलो. सुंदररावांनाही बोलावणं गेलं. पिठात खरंच पावलं होती. ऐटबाज, स्पष्ट, जाताना आणि येताना. सुंदररावांनी कोर्टातल्या सवयीने खाली वाकून शांतपणे पाहणी केली. पावलं बाथरूमपर्यंत गेली होती आणि तिथून थेट काकांच्या पलंगापर्यंत आली होती.

"काका," सुंदरराव म्हणाले, "उजवा पाय दाखवा की."

काकांनी पाय उचलला. तळव्याला पीठ!

* * *

सुंदररावांचं मराठी म्हणजे एक मजाच होती. त्यांचे पूर्वज तंजावरला उतरले तेव्हा जी भाषा बरोबर आणली होती, तीच ते अजून वापरत होते, वर तमिळ हेल. पहिल्यांदा बंदूक पाहिली तेव्हा म्हणाले, "अय्यय्यो! काका, हें काय करूंलालांत तुम्ही?" मग त्यांनी काकांना एक नियम घालून दिला. बंदुकीला हात लावण्याआधी विचारायचं. आणि चोर इथलाच असणार, तेव्हा तमिळमध्ये विचारायचं, "यार अदु?" म्हणजे, कोण आहे?

काकांनी पाठांतर सुरू केलं. कारखान्यात जाता-येता 'यार अदु, यार अदु' चालू. वॉचमन घाबरून आपलं नाव सांगायचा.

मग एका दुपारी दार वाजलं. काका आतून कडाडले, "यार अदु?"

बाहेरून एका बाईने अगदी नम्रपणे उत्तर दिलं. चांगली आठ-दहा वाक्यं! काकांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्यांनी सुंदररावांना फोन लावला. "राव, मी विचारलं! पण ती सांगतेच आहे, थांबतच नाहीये!"

सुंदरराव चप्पल घालून येईपर्यंत मतदार यादीवाली ती बाई चार घरं पुढे गेली होती.

मी शाळेत गणित शिकवायची, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, प्रश्न पाठ आणि उत्तर ऑप्शनला? असं कसं चालेल!"

* * *

इलेक्शन जाहीर झालं की लायसन्सच्या बंदुका पोलीस स्टेशनला जमा कराव्या लागतात. निकाल लागल्यावर परत. तेवढे दिवस काकांची दशा बघवत नसे. स्कूटरवर मागे जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक बांधायची, पावती घेऊन यायचं आणि मग महिना दीड महिना डोळ्याला डोळा नाही. डोळे लाल, दाढी वाढलेली. कारखान्यात लोक विचारायचे, तुम्ही उभे आहात का इलेक्शनला?

उलट काकू! चेहऱ्यावर तेज, केसात मोगऱ्याचा गजरा. एकदा मी विचारलंच, की काकू, यंदा काय विशेष?

"झोप होते गं," त्या म्हणाल्या. "मला तर इलेक्शन म्हणजे माहेरपण वाटतं. दर वर्षी ठेवायला काय हरकत आहे सरकारला?"

* * *

आता कोर्ट. रविवारच्या पेपरातली एखादी भानगड निवडायची, सुंदररावांनी ती वाचून दाखवायची, दोन्ही बाजू मांडायच्या आणि मग मतदान. त्यांच्या घरात पूर्वी बायका सोंगट्या खेळत, त्यातले हे चिंचोके. प्रत्येकाला एक. पांढरी बाजू वर ठेवली तर निर्दोष, काळी ठेवली तर दोषी. ताट मध्ये, सगळं उघड. काकूंचा चिंचोका नेहमी शेवटी पडायचा, कारण कॉफीची भांडी आवरून त्या मागून यायच्या. आणि एकदा ठेवलेला चिंचोका उलटायचा नाही, हा सुंदररावांचा कडक कायदा.

पेपरात काही नसलं की घरचे खटले. एकदा खुद्द काकूंवर खटला भरला होता. आरोप, डाळीचा खून! तीन शिट्ट्यांची तूर त्या हल्ली आठ-आठ शिट्ट्या होईपर्यंत ठेवायच्या. कुकर किंचाळतोय आणि या शेजारीच शांतपणे खोबरं खवताहेत. काका म्हणाले, "लक्ष नसतं हिचं हल्ली. परवा दूधवाला बेल वाजवून वाजवून गेला."

काकूंनी स्वतःचा बचाव केला, "शिट्ट्या मोजायला मी काय मॅचची रेफरी आहे?"

जोरात हशा! पाचही चिंचोके पांढरे पडले, आरोपीच्या स्वतःच्या मतासकट. तो रविवार मला अजून आठवतो. किती हुशार माणसं होतो आम्ही, आणि किती आंधळी!

* * *

आता शेवटचा रविवार. म्हणजे कोर्टाचा शेवटचा. मंडळी त्यानंतरही वर्षभर भेटत होती. मग काका रिटायर होऊन दोघं गावी गेली, सुंदरराव बंगळूरला पुतण्याकडे गेले, आणि चिंचोके माझ्याकडे आले.

त्या दिवशी सुंदररावांनी परदेशातली एक बातमी वाचली. एक पुरुष आणि एक बाई, लग्न न करता एकत्र राहणारी. त्याला घरफोडीची भयंकर भीती. बंद दारामागे काहीतरी वाजलं, चोर शिरला असं त्याला वाटलं आणि त्याने दारातूनच गोळी झाडली. आत ती होती. जागच्या जागी गेली. तो कोर्टात रडत सांगत होता, मी तीनदा विचारलं कोण आहे म्हणून, आतून उत्तरच आलं नाही.

मी तर भडकलेच. "घरात माणसं दोन. शेजारच्या उशीवर हात ठेवून बघायला कितीसा वेळ लागतो?" आणि माझा चिंचोका काळा ठेवला.

हे म्हणाले, "भ्यालेल्या माणसाला एवढं सुचत नाही." त्यांचा पांढरा.

काका त्या दिवशी पहिल्यांदा उभे राहून बोलले. "तुम्ही हसता मला, हसा. पण छातीत जे धडधडतं ना, ते तुम्हाला कळायचं नाही. हातपाय गार पडतात. त्या माणसाने नियम पाळला होता. तीनदा विचारलं! घरचं माणूस असतं तर 'ओ' दिली नसती का? तीन हाकांना 'ओ' नाही म्हणजे परकंच कोणीतरी, असंच कोणीही धरेल. मीही धरलं असतं." आणि त्यांनी ताटात चिंचोका ठेवला. पांढरा.

सुंदररावांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "भय खरं होतं, हें मी मानतों. पण गोळी पण खरीच होती की!" त्यांचा काळा.

दोन विरुद्ध दोन. निकाल आता काकूंच्या हातात.

त्या पायरीवर बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून, शेवग्याचा पाला निवडत. आमच्यापासून चार हातांवर.

"मालतीबाई, तुमचं मत?" सुंदररावांनी विचारलं.

काकू पाला निवडत राहिल्या.

"काकू, तुमच्यावर आलंय सगळं!" हे जरा मोठ्याने म्हणाले.

एक काडी सुपाबाहेर टाकून काकूंनी दुसरी उचलली.

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. काका अर्धवट उठले. "अगं ए," ते म्हणाले. आणि मग स्टोअरमधल्या आवाजात, पलीकडच्या क्वार्टरमधून कोणीतरी डोकावून बघावं इतक्या जोरात, "मालती!"

काकूंनी सूप पाखडलं, एका मुंगीला फुंकर मारून उडवलं.

काका खाली बसले. त्यांनी ताटात हात घातला, आपला चिंचोका उचलला आणि उलटा ठेवला. सुंदररावांनी कायदा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले, तर काका स्कूटरच्या मागे जुन्या चादरीतलं लांबडं गाठोडं बांधत होते. काकू खाली वाकून कोलम काढत होत्या. काका मुद्दाम फिरून त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले, त्यांनी वर बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "येतो."

मी कुंपणापलीकडून विचारलं, "काका, इलेक्शन लागलं का हो?"

"लागलं," काका म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.