पाठकोऱ्याचा खालचा अर्धा

वकीलबाईंच्या ऑफिसात बावीस वर्षं टाइप करणाऱ्या बाईंना सगळे कुलूप म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. कोणाचा घटस्फोट, कोणाचं मृत्युपत्र, त्या ताकास तूर लागू देत नसत. नवरा म्हणायचा, "लग्न ठरलं तेव्हा हिचं नावसुद्धा मला हिच्या भावाकडून कळलं." स्वतः सगळं पोटात ठेवत, पण बाकीचे सगळे पाघळणारच, अशी त्यांची पक्की खात्री. पंखा दुरुस्त करणारा शिडीवर चढला की त्या टेबलावरच्या फायली पालथ्या करून ठेवत. तो बिचारा पंख्याकडेच बघत असे.

शिवणकाम करून पोट भरणारी एक विधवा वकीलबाईंची अशील होती. दिराला अख्खं घर हवं होतं आणि हिला तिचा निम्मा वाटा. दार लावून घेऊन ती वकीलबाईंना म्हणाली होती, "अगदीच अडलं तर मागच्या दोन खोल्या मिळाल्या तरी चालतील. डोक्यावर छप्पर राहिलं म्हणजे झालं."

"हे समोरच्यांना कळता कामा नये," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी कुलूपबाईंकडून तसं टिपण टाइप करून घेतलं.

तीन आठवड्यांनी दिराच्या वकिलाचं उत्तर आलं. मागच्या दोन खोल्या देतो, त्यापलीकडे वीतभरही नाही.

शिवणवाली ते वाचून मटकन बाकावर बसली. "त्यांना नेमकं हेच कसं कळलं?"

ऑफिसातून काही बाहेर जाऊ शकतं हे कुलूपबाईंच्या डोक्यातच शिरेना. त्यांनी तिला जिन्यापाशी गाठलं. "घरातलंच माणूस असतं हो. कोणापाशी बोलला होतात?"

"फक्त ताईपाशी. माझी सख्खी बहीण आहे ती."

"मग?" कुलूपबाई म्हणाल्या आणि त्यांनी भुवया वर चढवल्या.

तेवढं पुरलं. पुढच्या खेपेला शिवणवालीनेच सांगितलं की ताई गुडघ्याचं औषध घेऊन आली होती, तिला दारातूनच परत पाठवलं. कुलूपबाईंना बरं वाटलं. हो, चक्क बरं वाटलं. आपलं नाक किती तिखट, असं त्या घरी भाकरी खाताना स्वतःशी म्हणाल्यासुद्धा.

आता त्यांची एक खोड सांगायलाच हवी. जुने मसुदे फाडून टाका, असं वकीलबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. पण पाठकोरा कागद फाडायचा म्हटलं की बाईंचा जीव तुटे. त्या तो मधोमध कापून, कोरी बाजू वर करून चिमट्याला लावत. निरोप, तारखा, याद्या, सगळं त्यावर.

एका सोमवारी दुपारी तारीख टिपायला त्यांनी चिमट्यातला कागद ओढला. सवयीने उलटा केला. त्या टिपणाचाच मसुदा, वर शिवणवालीचं नाव आणि अगदी खाली, कापलेल्या कडेला टेकून, अर्धवट ओळ होती: "अगदीच तडजोड झाली नाही, तर माझ्या अशिलाला"

पुढची ओळ खालच्या अर्ध्यावर. त्यांनी चिमटा सगळा उपसला. खालचा अर्धा नव्हता. मग जावक वही उघडली. दिराच्या वकिलाकडे कागदपत्रं पाठवली त्या दिवसाची नोंद त्यांच्याच वळणदार अक्षरात होती: सोबत कागदांची यादी, अर्धं पान.

वरचा अर्धा फाडला असता तर कोणाला काही कळलं नसतं. शिडीवर चढलेला पंखेवाला आजही पंख्याकडेच बघत होता आणि ताईला तर कोणी विचारतच नव्हतं. तरी त्या उठल्या आणि वकीलबाईंच्या टेबलावर त्यांनी तो कागद ठेवला.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "चूक तुमची, जबाबदारी माझी. बावीस वर्षांत तो चिमटा मी एकदाही उलटून बघितला नाही. त्यांना आजच बोलावून सांगायचं."

"त्या दुसऱ्या वकिलाकडे गेल्या तर?"

"गेल्या तर गेल्या. पण सांगायचं."

शिवणवालीने सगळं ऐकून घेतलं. समोरच्या वकिलाला तो कागद वापरू नका म्हणून कळवते, हवं तर तुमची फाइल आजच हातात देते, असं वकीलबाई सांगत होत्या. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"म्हणजे ताई नव्हती," ती म्हणाली. मग कुलूपबाईंकडे वळली. "तुम्ही चला माझ्याबरोबर. आता माझं तिला काही खरं वाटायचं नाही."

"अशिलाची गोष्ट मी बाहेर कशी..." कुलूपबाई चाचरल्या.

"अशीलच सांगतेय," वकीलबाई म्हणाल्या. "जा."

ताईने दार साखळीपुरतं उघडलं. त्या फटीतून कुलूपबाईंनी सगळं सांगितलं: मसुदा, कात्री, चिमटा, यादी. शब्द जड जात होते, पण एकही गाळला नाही. ताई ऐकत होती. तिची नजर मात्र मागे उभ्या असलेल्या बहिणीवर होती.

"कागद गेला, समजलं," ताई शेवटी म्हणाली. "पण हिला माझा संशय आलाच कसा?"



"त्यांना नव्हता आला," कुलूपबाई म्हणाल्या. "मी त्यांच्या डोक्यात घातला."