आधी बघ, गोळी कुठून आली

उत्तरेकडच्या एका चौकीवर मी आणि नाईक अँटन अडीच वर्षं एकत्र होतो. मी रेडिओ मेकॅनिक, तो माझा बडी. तो उत्तनजवळच्या चौक गावचा, मी भाईंदरचा. घरं एका बसच्या अंतरावर, पण ओळख झाली बर्फात. बॅटऱ्या चार्ज करणं, सेट तपासणं, तासातासाला रिपोर्ट देणं, हे आमचं रोजचं काम. दुरुस्तीत अँटनचा एकच नियम होता. "पार्ट मेला की रडत बसू नको. आधी बघ, गोळी कुठून आली."

एका गस्तीवर गेलेला अँटन परतला नाही. तेव्हा सेटवर मी होतो. कॉलसाइनने, म्हणजे सांकेतिक नावाने, हाका मारून थकलो आणि शेवटी नियम मोडून नाव घेतलं. "अँटन, अँटन, कम इन. ओव्हर." उत्तर आलं नाही.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. गेल्या मोसमात, मासेमारीची बंदी उठली त्या आठवड्यात, अँटनच्या बायकोचा, फिलोमिना वहिनींचा फोन आला. त्यांनी नवी बोट घेतली होती. त्या दिवशी पहिली फेरी, आणि इन्व्हर्टर बंद.

"भावोजी, फादर आशीर्वाद देऊन गेले, बर्फ भरला, आन् हा डबा गप्प हाय. वायरलेस त्याच्यावरच चालतो. वायरलेसशिवाय मी कुनाला दर्यात धाडनार न्हाय."

का, ते मला विचारावं लागलं नाही.

०९१० ला मी रिक्षाने चौकच्या बंदरावर पोहोचलो. ११३० ला भरती होती. ती चुकली की दिवस गेला. अँटनचा धाकटा भाऊ जेरी बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. त्याने स्वागतच असं केलं: "हवालदारसाहेब, पानी तुमची वाट बघनार न्हाय."

इन्व्हर्टर उघडून आतला बोर्ड बघितला. दोन मॉस्फेट जळलेले. मॉस्फेट म्हणजे बॅटरीचा करंट चालू-बंद करणारे स्विच. आधीच्या मेकॅनिकने ते दोनदा बदलले होते आणि दोनदा जळले होते. मी मनात त्याला हसलो, नवी जोडी बसवली, बॅटरी जोडली. फट्! धूर.

"झाली सलामी?" जेरी म्हणाला. खलाशी पोट धरून हसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्या बैलाचा तर धूर झाला.

१०१५. माझ्या सुट्या पार्टच्या डब्यात एकच जोडी उरली. आणि तेव्हा कुठे मला अँटन आठवला. इतकी वर्षं त्याचा नियम मी लोकांना ऐकवत आलो होतो, आणि स्वतःच विसरलो!

मॉस्फेटला हुकूम देते ती गेट ड्रायव्हर नावाची आठ पायांची चिप. बोर्डावर अशा दोन होत्या. जळलेले मॉस्फेट काढून मी रिक्षावाल्याकडे गेलो.

"भाई, हेडलाइट का बल्ब दे."

"दिन है, चला लूँगा. लेकिन वापस मिलेगा ना?"

"नहीं मिला तो भाईंदर तक धक्का मारूँगा."

बल्ब बॅटरीच्या वायरीत मध्येच जोडला. आता शॉर्ट असला तर बल्ब पेटणार, पार्ट वाचणार. हे मी आधीच करायला हवं होतं. मीटर लावला. एका चिपच्या आउटपुटला सहा व्होल्ट, बाराच्या निम्मे, म्हणजे चालू-बंद, चालू-बंद, व्यवस्थित. दुसरीवर बारा, ढिम्म. चालू म्हणजे चालूच. आम्ही तीनदा जवान बदलले होते. हुकूम देणारा कामातून गेला होता.

तसली एक चिप डब्यात सापडली. ती बसवली, शेवटची जोडी बसवली. बल्ब एकदा चमकला आणि विझला, म्हणजे शॉर्ट नव्हता. खलाशांचं हसू थांबलं होतं. मी बल्ब काढला, बॅटरी थेट जोडली. इन्व्हर्टर गुणगुणायला लागला. ११२४. जेरीने मला अक्षरशः उचललं.

११३२ ला बोट सुटली. ती वळली तेव्हा पुढच्या बाजूला रंगवलेलं नाव दिसलं: अँटन.

किनाऱ्यावरच्या शेडमध्ये सेट होता. वहिनींनी हँडसेट माझ्या हातात दिला. "तुमीच बोला."

"अँटन, अँटन, कम इन. ओव्हर."

नुसती खरखर. मग जेरीचा आवाज आला. "अँटन बोलतोय. समदं ठीक हाय. परवा घरी येतो. ओव्हर."

वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही.

"रॉजर, अँटन," मी म्हणालो. एवढंच म्हणायचं एकोणीस वर्षं राहून गेलं होतं.