पोहता येतं का, एवढंच मी विचारलं

माझ्या धाकट्या बहिणीनं मला फसवलं आणि त्याची शिक्षा मी तिच्या नवऱ्याला दिली. एकतीस वर्षं. तो माणूस गेला, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला हे सांगितलं.

वडील लवकर गेले. आमच्या घराण्यात सगळे कचेरीत कारकून नाहीतर देवळात पुजारी. भंगाराच्या धंद्यात पडलेला मी पहिला. सायकलवर रद्दी गोळा करत सुरुवात केली आणि पुढे मोठमोठ्या लिलावांत बोली लावू लागलो. झाशीत कुणालाही विचारा, वस्तू चारी बाजूंनी उलटून पाहिल्याशिवाय मी घेत नाही.

बहिणीचं लग्नही मीच ठरवलं. मुलाचे काका ग्वाल्हेरहून आले. "नौदलात अधिकारी आहे," म्हणाले. आमच्या घरात समुद्र कुणी पाहिला होता? नौदल म्हणजे जहाज. मी दोन तास प्रश्न विचारले. घरापासून किती महिने लांब असतो, बदली कुठे होते, पितो का. शेवटी विचारलं, "पोहता येतं का?"

"उत्तम," काका म्हणाले.

मला वाटलं, आता विचारायचं काही राहिलं नाही.

लग्नानंतर महिन्याभरानं बहिणीच्या पत्रातून फोटो आला. जावई विमानाला टेकून उभे, हातात हेल्मेट. मी तडक ग्वाल्हेर गाठलं.

"तुम्ही खोटं बोललात."

"विमान नौदलाचंच आहे," काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही जे विचारलंत, ते सगळं सांगितलं."

म्हाताऱ्या माणसाशी किती भांडणार? राग जावयावर धरला. तोंड तर त्यांनाही होतं.

पहिल्या दिवाळसणाला पंगत बसली होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "जहाज हलत असतं ना? मग त्यावर विमान उतरतं कसं?"

त्यांनी चमचा हवेतून आणून ताटाच्या कडेवर टेकवला. "विमानाच्या शेपटीला आकडा असतो, दादा. जहाजावर आडव्या तारा असतात. आकडा तारेत अडकतो."

"आणि नाही अडकला तर?"

"परत वर जायचं. फेरी मारून यायचं."

"आणि पेट्रोल संपलं तर?"

"ते तुम्ही काकांना विचारलंत की. पोहता येतं."

सगळी पंगत हसली. मी ताटावरून उठलो. त्यानंतर त्यांच्या शेजारी कधी जेवायला बसलो नाही. भाऊबीजेला बहिणीकडे जायचो, ओवाळून घ्यायचो, ताटात ओवाळणी ठेवून निघायचो. बहीण दर वेळी दोन ताटं वाढायची आणि एक उचलायची.

निवृत्त झाल्यावर त्यांनी झाशीतच घर केलं, लक्ष्मी ताल या तळ्याच्या बाजूला. मुंबई-गोवा बघितलेला माणूस, पण बायकोचं माहेर इथे म्हणून इथे. मुलींच्या वेण्या ते स्वतः घालायचे, घट्ट आणि सारख्या. सकाळी धुणं वाळत घालण्याआधी आकाशाकडे बघायचे आणि "आज आत घाल" म्हणाले की पाऊस यायचाच. आलं आणायला स्कूटरवरून बरुआसागरला जायचे. तिथला आलेवाला एकदा मला हसत म्हणाला, "भैयाजी, आपके बहनोई तो भाव ही नहीं पूछते." मी त्याच्याशी असा भांडलो की माणसं जमली. माझ्या माणसाला लुबाडतोस, असं म्हणालो. माझ्या माणसाला. घरी येऊन हे जावयांना सांगितलं नाही.

त्यांना मात्र चारचौघांत ऐकवायचो, "आम्हाला माल एक दाखवला, दिला दुसरा."

"आता बदलून मिळणार नाही, दादा," ते म्हणायचे.

मग त्यांचं हृदय थकलं. मी रोज दवाखान्यात जायचो, डॉक्टरांशी वाद घालायचो, खाटेजवळ बसायचो. एकदा ते म्हणाले, "दादा, घरी गेलो की एकदा माझ्याबरोबर जेवा."

मी म्हणालो, "बघू." पहिल्या बोलीला कधी हो म्हणायचं नाही, ही माझी आयुष्यभराची सवय.

ते घरी आले नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे गेले. बहीण तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "न सांगता आले, न सांगता गेले."

तिनं सूप खाली ठेवलं. "ते सांगणार होते, दादा. बघायला आले त्या दिवशी आम्हाला गच्चीवर दहा मिनिटं दिली होतीस. ह्यांनी पहिलं तेच सांगितलं. म्हणाले, मी विमान चालवतो, काकांनी लपवलंय, मी आत्ता खाली जाऊन तुमच्या भावाला सांगतो. मीच नको म्हटलं. त्याआधीची चार स्थळं तू मोडली होतीस. एक तर चष्मा आहे म्हणून."

"मग नंतर सांगायचंस."

"मी सांगणार होते. ह्यांनी अडवलं. म्हणाले, दादा कुणावर तरी रागावणारच. तुझ्यावर रागावले तर तुझं माहेर तुटेल. माझ्यावर रागावले तर एक ताट कमी वाढायचं, एवढंच."

मी चपला घातल्या आणि निघालो. दोन महिने झाले, गेलेलो नाही.

चार स्थळं मी मोडली, नाकारत नाही. त्याबद्दल तिनं मला तोंडावर बोलायचं होतं. दोघांनी मिळून ठरवलं, तिचं माहेर टिकलं, आणि एका सरळ माणसाला मी लबाड म्हणत राहिलो. दवाखान्यात मी "बघू" म्हणालो तेव्हा ती त्यांच्या उशाशीच उभी होती, हातात औषधाची बाटली घेऊन. तिनं ऐकलं. बाटलीचं झाकण लावलं.

यंदा त्या घरात सणवार नाहीत. तरी भाऊबीजेच्या दिवशी मी जाणार आहे. ओवाळू नकोस, पाटही मांडू नकोस. फक्त उत्तर दे. मी 'बघू' म्हणालो त्या वेळी तू का बोलली नाहीस? ह्यांनी अडवलं होतं, हे मला सांगू नकोस. ते तर तेव्हा मला जेवायला बोलावत होते.